अकराशे अकरा झाडांचा हिशोब

पत्र बरंच लांब आहे म्हणून सारांश देतोय, देश आणि नावं मुद्दाम काढलीयेत. लिहिणारे गृहस्थ ४८ वर्षांचे, नोकरी चांगली, घरात बायको आणि कॉलेजातली मुलगी. त्यांचा ऑफिसमधला जुना मित्र उष्ण कटिबंधातल्या एका देशात जाऊन राहिलाय, तिथे १० हेक्टरचं एक जुनं कुरण स्वस्तात विकायला आहे. दोघांनी मिळून ते घ्यायचं, साग लावायचा, कडेला थोडी महोगनी, आणि २० वर्षांनी तोडून विकायचं असा बेत. हेक्टरी ११११ झाडं, झाडामागे अर्धा घनमीटर लाकूड, गुणिले आजचा भाव, असा हिशोब मित्राने एक्सेलमध्ये मांडून पाठवलाय. यांचा वाटा म्हणजे रिटायरमेंटसाठी साठवलेल्या पैशांतले जवळपास निम्मे. बायको म्हणते एवढी रक्कम २० वर्षं अडकवायची नाही. मुलगी म्हणते एकाच जातीची झाडं ओळीत लावली तर ते जंगल होत नाही, पर्यावरणाचं नाव घेऊ नका. मित्र म्हणतो पावसाच्या आधी ठरव, नाहीतर वर्ष गेलं. हे स्वतः जागा एकदाच बघून आलेत, तीही कोरड्या दिवसांत. त्यांचा प्रश्न असा: "झाडं आपली आपण वाढतात, जंगलातलं सागवान संपत चाललंय म्हणजे भाव वाढणारच, मग यात रिस्क नक्की कुठे आहे? की घरच्यांचं बरोबर आहे?"

नमस्कार,

तुमच्या पत्रातल्या एकाच आकड्यापासून सुरुवात करतो, ११११. हा आकडा येतो कुठून तर ३ मीटर बाय ३ मीटर अंतरावर झाड लावलं की एका हेक्टरात साधारण तेवढी झाडं बसतात, तिथवर मित्राचं बरोबर आहे. पण ही लावायची संख्या आहे, विकायची नाही. साग हे उन्हासाठी भांडणारं झाड आहे, शेजाऱ्याची सावली त्याला सहन होत नाही, आणि ११११ झाडं जर तशीच ठेवली तर सगळीच उंच, काटकुळी आणि कुचकामी होतात. म्हणून चौथ्या ते सहाव्या वर्षाच्या आसपास, झाडं ८-९ मीटर उंच झाली की त्यातली जवळपास निम्मी तोडायची असतात. मग काही वर्षांनी परत, मग परत. शेवटच्या कटाईपर्यंत हेक्टरी दीडशे ते तीनशे झाडं उरली पाहिजेत. म्हणजे एक्सेलमधली चारांतली तीन झाडं, कधी त्याहून जास्त, तुम्हालाच तोडायची आहेत आणि ती काढण्याचा खर्च पण तुमचाच. याला विरळणी म्हणतात, आणि मित्राच्या एक्सेलमध्ये हा शब्दच नाहीये म्हणून मला पहिली शंका आली.

मी या धंद्यात बरीच वर्षं काढलीयेत म्हणून सांगतो, सागाची लागवड म्हणजे झाडं लावणं नव्हे, झाडं तोडणं. लावायला आठवडे लागतात. खरं काम आहे ते कुठलं झाड कधी काढायचं हे ठरवणं आणि ते त्याच वर्षी काढणं. एका रोपवनात आम्ही पहिली विरळणी ३ वर्षं पुढे ढकलली होती, कारण मालक मंडळींना हिरवीगार उभी झाडं तोडवत नव्हती, मला तरी कुठे तोडवत होती, आणि "आणखी जाड होऊ दे मग पैसे येतील" असंही डोक्यात होतं. झाडं जाड झालीच नाहीत. गर्दीत सागाचा फांद्या-पानांचा डोलारा आखडतो, खालच्या फांद्या मरतात, मग शेजारची झाडं काढली तरी तो पहिल्यासारखा पसरत नाही, गेलेली वाढ परत येत नाही. ती ३ वर्षं ढकलली त्याची किंमत पुढे सगळीच्या सगळी मोजावी लागली.

आता त्या अर्ध्या घनमीटरचं बघू. ११११ गुणिले अर्धा म्हणजे हेक्टरी साधारण ५५५ घनमीटर, भागिले २० वर्षं म्हणजे दर वर्षी हेक्टरी जवळपास २८ घनमीटर वाढ. बऱ्या जमिनीवर, नीट सांभाळलेल्या सागाकडून मी ८ ते १० धरतो. जमीन अगदी उत्तम, हवामान उत्तम, रोपं चांगल्या बियांची असं सगळं जुळून आलं तर १५ च्या आसपास. २८ वर पूर्ण प्लॅन उभा करणं म्हणजे वर्गातल्या प्रत्येक मुलाचा पहिला नंबर येणार असं धरून चालणं. १० धरले तर २० वर्षांत हेक्टरी २०० घनमीटर, म्हणजे मित्राच्या आकड्याच्या एक तृतीयांशापेक्षा थोडंच जास्त, आणि त्यातला बराच भाग विरळणीतल्या बारीक लाकडात आधीच निघून गेलेला.

या बारीक लाकडाचं काय होतं हा पुढचा प्रश्न. पाचव्या वर्षी निघालेला साग म्हणजे मनगटाएवढे, फार तर मांडीएवढे वासे. सागाला जे पैसे मिळतात ते आतल्या तपकिरी, पक्क्या गाभ्याचे, बाहेरचं पांढरं लाकूड वाळवी आणि बुरशी आरामात खाते. पाच-सहा वर्षांच्या झाडात गाभा नावालाच असतो, त्यामुळे ते कुंपणाचे खांब, फार तर जळण म्हणून जातं, आणि जवळपास कोणी घेणारं नसेल किंवा रस्ता लांब असेल तर वाहतुकीचा खर्च पण सुटत नाही. अगदी २० वर्षांच्या झाडात सुद्धा गाभा लाकडाच्या अर्ध्याच्या आसपासच असतो, जागेप्रमाणे थोडं इकडे तिकडे. मित्राने धरलेला "आजचा भाव" नक्की कुठल्या लाकडाचा आहे ते विचारा, म्हणजे किती घेराच्या, किती वर्षांच्या, कुठे पोचवलेल्या ओंडक्याचा. मला दाट संशय आहे की तो जंगलातल्या जुन्या जाड सागाचा, तोही बंदरावरचा भाव असणार आणि तुमचा माल असेल तरुण, बारीक आणि शेतातच पडलेला.

इथेच तुमचं दुसरं गृहीतक येतं, की जंगलातला साग संपतोय म्हणजे भाव वाढणारच. पहिला अर्धा भाग खरा आहे. थायलंडने १९८९ मध्ये जंगलतोडीवर बंदी घातली, म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, आणि जगातल्या नैसर्गिक सागाच्या जंगलांपैकी जवळपास निम्मी एकट्या म्यानमारमध्ये होती. पण टंचाई झाली ती जुन्या, जाड, सरळ रेषांच्या सागाची, जहाजाच्या डेकला लागतो तसल्या. तुमचा २० वर्षांचा ओंडका त्याची जागा घेत नाही, तो दुसऱ्या २० वर्षांच्या ओंडक्यांशी स्पर्धा करणार, आणि ते काही कमी नाहीत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत लावलेला साग ४३ लाख हेक्टरांच्या वर निघाला होता, त्यातला ८० टक्क्यांहून जास्त आशियात, बाकी आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत. तुमच्या मित्रासारखा हिशोब त्यातल्या कित्येकांनी केला असेल. १९९० च्या दशकात नेदरलँड्समधल्या हजारो साध्या लोकांना कोस्टा रिकामधल्या सागात पैसे गुंतवायला लावलं होतं, तिथेही भांडण याच दोन आकड्यांवरून पेटलं होतं, दरवर्षीची वाढ आणि विक्रीचा भाव, आणि वनतज्ज्ञांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं की दोन्ही फुगवलेले आहेत. तुमचा मित्र फसवतोय असं मी म्हणत नाहीये हां. तो बहुतेक स्वतःच त्या आकड्यांच्या प्रेमात पडलाय, आणि असा माणूस लबाड माणसापेक्षा जास्त पटवून जातो.

जमिनीकडे वळतो, कारण सगळं ठरतं ते तिथे. तुम्ही लिहिलंय "कुरण आहे म्हणून स्वस्त आहे". मी उलटं विचारेन, की स्वस्त का आहे? सागाला निचरा होणारी, खोल, चुन्याचा अंश असलेली जमीन लागते, सामू (म्हणजे पीएच) साधारण साडेसहा ते साडेसात, पाऊस वर्षाला सव्वा ते अडीच हजार मिलिमीटर, आणि हे लोक विसरतात पण, ३ ते ५ महिने नीट कोरडे. बारमाही पाऊस पडतो तिथे साग भरभर उंच होईल पण लाकूड तसं घट्ट, देखणं येईलच असं नाही. आंबट लाल माती त्याला मानवत नाही, आणि मुळाशी पाणी साचणं तर अजिबातच नाही. उष्ण कटिबंधातली बरीच जुनी कुरणं नेमकी अशाच आंबट, थकलेल्या जमिनीवर आहेत, वर २०-३० वर्षं गुरांच्या खुरांनी दाबून दाबून कडक झालेली. वरून हिरवं गवत दिसतं, खाली मूळ फूटभर जाऊन आडवं वळतं.

म्हणून कोरड्या दिवसांत बघितलेली जमीन म्हणजे न बघितलेलीच. भर पावसात जा, गमबूट घालून, पाणी कुठे उभं राहतं ते बघा. आठ-दहा ठिकाणी मीटर-दीड मीटर खोल खड्डे खणून घ्या, उंचावर, उतारावर आणि सखल भागात वेगवेगळे, प्रत्येकातली माती तपासायला द्या. आणि त्या परिसरात कोणी १०-१५ वर्षांपूर्वी साग लावलाय का ते शोधा, टेप घेऊन जा आणि छातीच्या उंचीवर घेर मोजा, कडेच्या चार देखण्या झाडांचा नको, आतल्या पन्नास-साठ झाडांचा, कारण कडेची झाडं नेहमीच जाड असतात आणि पाहुण्यांना नेहमी तीच दाखवतात. तो घेर एक्सेलमध्ये टाका. बहुतेक वेळा पुढची चर्चाच लागत नाही. आणि परिसरात एकही साग नसेल तर का नाही हे पण विचारा, तुमच्या मित्राआधी तिथे कोणाला सुचलंच नसेल असं समजू नका.

पैशाने जमीन बदलता येते असं ज्यांना वाटलं त्यांच्यात फार मोठी माणसं होती. डॅनियल लुडविग नावाच्या अमेरिकन अब्जाधीशाने १९६७ मध्ये ब्राझीलमध्ये जारी नदीच्या काठी एखाद्या छोट्या देशाएवढी जमीन घेतली आणि कागदाच्या लगद्यासाठी शिवणीची झाडं लावली, तीच आपली शिवण, कारण ती भराभर वाढते. १९७८ मध्ये लगद्याचा आख्खा कारखाना जपानमध्ये बांधून समुद्रावरून तरंगत आणला. पण जंगल साफ करताना बुलडोझरनी वरची माती खरवडली, दाबून टाकली, आणि रेताड पट्ट्यांत शिवण वाढेचना. शेवटी तिथे दुसरी झाडं लावावी लागली आणि १९८२ मध्ये ते प्रकरण लुडविगच्या हातातून गेलं. त्याच्याकडे खड्डे खणायला पैसे नव्हते असं तर नाही ना.

महोगनीबद्दल दोन शब्द, कारण "कडेला थोडी महोगनी" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की हसू येतं. महोगनीच्या शेंड्यात शिरून तो पोखरणारी एक अळी असते, अमेरिकेत तिची एक जात, आशिया-आफ्रिकेत दुसरी. शेंडा मेला की झाड बाजूने दोन-तीन फांद्या काढतं आणि सरळ खोड, ज्याचे पैसे मिळायचे, ते संपलं. झाड मरत नाही, नुसतं बिघडतं, म्हणजे दिसायला छान हिरवं आणि विकायला काहीच नाही. फिजीमध्ये महोगनीची मोठी रोपवनं उभी राहिली त्यामागे ही अळी तिथे नाही हे एक मोठं कारण धरतात. रबराचंही असंच झालं होतं. हेन्री फोर्डने १९२८ पासून ब्राझीलमध्ये, म्हणजे रबराच्या माहेरीच, मळे लावले, तर माहेरची करपा रोगाची बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर उड्या मारत गेली, आणि १९४५ मध्ये ते सगळं नुकसानीत परत विकलं. तेच झाड आशियात सुखाने नांदलं कारण बुरशी मागे राहिली होती. सागाचेही शत्रू आहेत, पानं खाऊन आख्खं झाड बोडकं करणारी अळी तर दर पावसाळ्यात येऊ शकते, त्यातून झाड सावरतं पण त्या काळातली वाढ बुडते. तेव्हा मित्राला विचारा, की ज्या भागात जमीन आहे तिथे महोगनीचा शेंडा पोखरतो का, आणि हे वनखात्याच्या माणसाकडून कळू दे, रोपं विकणाऱ्याकडून नको. शिवाय लॅटिन अमेरिकेतली मोठ्या पानांची महोगनी २००३ पासून सायटीस करारात आहे, म्हणजे धोक्यात आलेल्या प्राणी-झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारात, निर्यात करायची तर लावलेल्या झाडांचेही कागद लागतात, म्हणून लावलंत तर रोपांची पावती, तारीख, फोटो सगळं पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

आता मुलीचं. तिला चुकीचं ठरवायची घाई करू नका, ती बरीचशी बरोबर आहे. जुन्या कुरणावर साग लावणं म्हणजे जंगल तोडणं नाही, तेवढं तुमच्या बाजूने. पण एका वयाच्या एका जातीच्या ओळी म्हणजे जंगलही नाही, आणि सागाखाली एक वेगळीच भानगड असते. त्याच्या मोठ्या पानांवर पावसाचे थेंब जमून जाड होतात आणि वरून जोरात खाली पडतात. खाली पाचोळा आणि झुडपं असतील तर ठीक, पण कोणी ती साफ केली किंवा उन्हाळ्यात आग लागून पाचोळा जळाला तर उघडी माती उतारावरून वाहून जाते. म्हणून उतार जास्त असेल तिथे साग नकोच, ओढ्याच्या दोन्ही काठांना तिथलीच देशी झाडं राहू द्या किंवा लावा, आणि १० हेक्टरांतले निदान दोन-अडीच हेक्टर सागाशिवायचे धरून हिशोब करा. हिशोब कमी भरेल, हो. पण त्यातलं बरंचसं सखल, दलदलीचं किंवा खडकाळ असणार, जिथे साग तसाही रडतच वाढला असता.

आणि मुलीचा प्रश्न उद्या गिऱ्हाईक पण विचारणार आहे. युरोपीय संघाचा २०२३ चा जंगलतोडीचा कायदा असं म्हणतो की ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवरचं लाकूड तिथे विकता येणार नाही, आणि जमिनीचे नेमके अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. तेव्हा "जुनं कुरण" म्हणजे किती जुनं? जुनी उपग्रहचित्रं कोणालाही बघता येतात, मुलीला बसवा कॉम्प्युटरवर, १५-२० वर्षांची चित्रं काढायला सांगा. त्यात २०२१ मध्ये तिथे जंगल दिसलं तर विषय संपला, जमीन फुकट मिळाली तरी नको.

बायकोच्या म्हणण्याशी मी जवळजवळ पूर्ण सहमत आहे, फक्त कारण थोडं वेगळं देतो. २० वर्षं अडकणं हा एक भाग झाला. पण झाडात पैसे टाकण्याचं गणित विचित्र असतं, जवळपास सगळा खर्च सुरुवातीच्या ३-४ वर्षांत आणि सगळी कमाई शेवटी. ८ टक्के चक्रवाढीने २० वर्षांत पैसा साडेचार पटींहून जास्त होतो, म्हणजे पहिल्या वर्षी जमीन साफ करायला घातलेला प्रत्येक रुपया शेवटी साडेचार रुपये घेऊन आला तर तुम्ही कुठे जेमतेम बरोबरीत. आणि पहिली २-३ वर्षं नुसतं गवत काढत बसावं लागतं, कुरणातलं गवत फार चिवट, वर्षातून दोन-तीनदा तण काढलं नाही तर सागाची रोपं त्यात हरवून जातात. वर जाळरेषा काढायच्या, म्हणजे आग पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे, कुंपण, शेजाऱ्याची गुरं, राखणदार. "झाडं आपली आपण वाढतात" हे जंगलात खरं आहे, कारण तिथे शंभरातली नव्याण्णव मेली तरी कोणी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत. वीसाव्या वर्षी तुम्ही ६८ चे असाल. आणि २० हा आकडा कुठे कोरून ठेवलेला नाहीये. भारत आणि म्यानमारमध्ये सागाची कटाई पूर्वापार ५० ते ८० वर्षांनी व्हायची. केरळात निलंबूरला १८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर कोनोली यांच्या काळात चातू मेनन यांनी साग लावला, त्याआधी बी रुजवायचे प्रयत्न फसले होते, त्यातली काही झाडं आजही उभी आहेत. वीसाव्या वर्षी भाव पडलेला असेल किंवा झाडं बारीक असतील तर शहाणपण थांबण्यात असतं, पण थांबू तोच शकतो ज्याला त्या पैशांची घाई नाही. निम्मी पुंजी घातलेला ६८ वर्षांचा माणूस थांबू शकत नाही, आणि लाकूड घेणाऱ्या ठेकेदाराला हे तुमच्या तोंडाकडे बघून कळतं. तेव्हा साग कोण तोडणार, तुम्ही की मुलगी, हे आत्ताच तिच्याशी बोला. तिला नको असेल तर ते उत्तरही खरंच आहे.

कागदांचं भरभर सांगतो, कारण ते देशागणिक बदलतं आणि त्यासाठी तिथलाच वकील लागेल, मित्राचा वकील नको, तुमचा वेगळा. परदेशी माणसाला शेतजमीन घेता येते का, झाडांची मालकी जमिनीबरोबर येते की वेगळी, लावलेलं झाड तोडायला परवाना लागतो का आणि लागवडीची नोंद आधी करावी लागते का, बऱ्याच देशांत ती नोंद नसेल तर तुमचाच साग तुम्हाला तोडता येत नाही. आणि मित्राबरोबरचा करार, कोणी आधी बाहेर पडला तर उभ्या झाडांची किंमत कशी धरायची, कोणी मेला तर काय, रोजची देखरेख तो करणार तर त्याचा मेहनताना काय. दोस्तीत हे विचारायला जड जातं माहितीये, पण चौदाव्या वर्षी विचारायला त्याहून जड जातं.

मित्राची एक गोष्ट मला आवडली, तो तिथे राहतो. बहुतेक योजनांत तेवढंही नसतं. पण त्या गावातल्या लोकांचं त्या कुरणावर काय येणं-जाणं आहे हे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. गुरं कोणाची चरतात, सरपण कोण नेतं, वाट कुठून जाते? १८५६ नंतर ब्रह्मदेशात डिट्रिच ब्रँडिस या वनाधिकाऱ्याने साग लावताना डोंगरातल्या शेतकऱ्यांना ओळींच्या मध्ये पहिली काही वर्षं स्वतःचं पीक घेऊ दिलं, तण त्यांनी काढलं, राखण त्यांनी केली. त्या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि योग्यच, कारण झाडं मोठी झाली की शेतकऱ्याला उठावं लागायचं आणि हातात काही उरायचं नाही. पण रोपांची काळजी घेण्यात तिथल्या लोकांचा फायदा असला पाहिजे एवढं त्यातून घेण्यासारखं आहे. पीक त्यांचं ठेवा, विरळणीतल्या वाशांमधला हिस्सा लिहून द्या. आग लागते तेव्हा पहिल्यांदा धावतो तो शेजारीच, किंवा धावत नाही.

मग करायचं काय. निम्मी पुंजी घालून १० हेक्टर, या वर्षी, याला माझं स्पष्ट नाही आहे. सागाच्या नादालाच लागू नका असं मात्र मी म्हणणार नाही. गेलं तरी रात्री झोप लागेल एवढेच पैसे बाजूला काढा आणि मित्राला म्हणा की एक-दोन हेक्टरांपासून सुरू करू, तेही लांब मुदतीच्या भाडेकरारावर जमत असेल तर जमीन न घेता. पहिल्या विरळणीपर्यंत, म्हणजे पाच-सहा वर्षांत, जमीन कशी आहे, मित्र कसा आहे आणि तुम्ही कसे आहात हे तिन्ही कळून येईल. दुसरा एक रस्ता आहे जो लोक फारसा विचारात घेत नाहीत: कोणीतरी लावून कंटाळलेलं, ८-१० वर्षांचं, निदान एक विरळणी झालेलं रोपवन विकत घ्यायचं. महाग पडतं, पण तिथे तुम्ही झाडांचा घेर टेपने मोजू शकता, गवताची आणि आगीची सुरुवातीची वर्षं दुसऱ्याने काढलेली असतात, आणि वाट बघायची ती १२-१५ वर्षं. कंटाळलेले मालक भरपूर असतात, त्यांनीही कधीतरी ११११ ने गुणलेलं असतं. आणि जर आतून खरी इच्छा "माझी झाडं असावीत" एवढीच असेल, पत्रात दोन ठिकाणी मला ती दिसली, तर सरळ तसं म्हणा, थोडी जमीन घ्या, तिथली पाच-सात देशी झाडं मिसळून लावा आणि त्याला गुंतवणूक म्हणू नका. बायकोचा विरोध त्याला असेल असं मला वाटत नाही, त्यांचा विरोध एक्सेलला आहे.

राहिला पावसाचा मुहूर्त. साग पावसाच्या सुरुवातीलाच लावतात, मित्र खोटं बोलत नाहीये. पण साग बहुधा जडी करून लावतात, म्हणजे रोपवाटिकेतल्या रोपाचा शेंडा आणि बारीक मुळं छाटून, बोटाएवढं जाड मूळ आणि वर इंचभर खोड ठेवून, आणि अशी जडी तयार व्हायला साधारण वर्ष जातं. म्हणजे या पावसात लावायच्या दहा-अकरा हजार जड्या आत्ता या घडीला कुठल्यातरी रोपवाटिकेत उभ्या असायला हव्यात. कुठल्या, कुठल्या झाडांच्या बियांच्या, आणि ती झाडं सरळ खोडाची आहेत हे कोणी बघितलंय, एवढं मित्राला आज रात्रीच विचारा. त्याच्याकडे नीट उत्तर असेल तर मला परत लिहा, मी थोडा मवाळ होईन. "मिळतील रे, बाजारात मिळतात" असं म्हणाला, तर हा पाऊस नुसता जमीन बघण्यात घालवा.